एकोणसाठचा उच्चार

राऊत सरांचा फोन आला तेव्हा मी डहाणूत एका दवाखान्याचा प्रिंटर उघडून बसलो होतो. राऊत सर तलासरीच्या पुढच्या एका हायस्कूलचे मुख्याध्यापक. त्यांच्या शाळेतले कॉम्प्युटर मी सांभाळतो.

"चुरीभाऊ, वरठा मॅडमच्या मशीनवरचं ते बोलणारं सॉफ्टवेअर काढून टाका. आणि मशीन ऑफिसात लावा."

"बंद पडलं का सर?"

"बंद पडलं असतं तर बरं होतं. या तुम्ही, मग सांगतो."

कल्पना वरठा मॅडम नववीला मराठी शिकवतात. त्यांना लहानपणापासून दिसत नाही. शाळेला कुठूनतरी जुने कॉम्प्युटर मिळाले होते. त्यातलं एक मी त्यांच्यासाठी तयार करून दिलं होतं. त्यावर फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम टाकली आणि स्क्रीन रीडर चालू केला. स्क्रीन रीडर म्हणजे स्क्रीनवर जे काही असेल ते वाचून दाखवणारा प्रोग्रॅम. मॅडम कानात इअरफोन घालून त्याच्यावर प्रश्नपत्रिका काढत, मार्क भरत, परिपत्रकं वाचत. वर्षभर मला त्यांचा एकदाही फोन आला नव्हता. आमच्या धंद्यात याला उत्तम चाललंय असं म्हणतात.

दुसऱ्या दिवशी चारोटीवरून हायवेने तलासरीला गेलो. ऑफिसात सर होते आणि क्लार्क भरतभाई होते. भरतभाईंचा चेहरा उतरलेला होता.

सरांनी थोडक्यात सांगितलं. सहामाहीचे पेपर तपासताना एक शिक्षिका मॅडमना उत्तरं वाचून दाखवते, मॅडम मार्क देतात, ती पेपरवर लिहिते. मग मॅडम ते स्वतः कॉम्प्युटरच्या तक्त्यात भरतात. रजिस्टर मात्र अजून हातानेच लिहायचं असतं. म्हणून मॅडम इअरफोनवर ऐकून एकेक मार्क मोठ्याने सांगतात आणि भरतभाई लिहून घेतात. यावेळी रजिस्टरची बेरीज कॉम्प्युटरच्या बेरजेपेक्षा तीसने जास्त आली. पेपर काढून पाहिले तर तीन मुलांना दहा-दहा मार्क जास्त लागले होते.

"पेपर बरोबर, तक्ता बरोबर, रजिस्टर चूक," सर म्हणाले. "म्हणजे सांगताना चुकलं नाहीतर लिहिताना."

"मी तर जे सांभळलं ते लिहिलं," भरतभाई म्हणाले. त्यांचं घर गुजराती. मराठी चांगलं बोलतात, पण गडबडले की घरचा शब्द येतो. सांभळलं म्हणजे ऐकलं.

"मी आधी यांनाच धरलं होतं," सर म्हणाले. "गुजरातीत आकडे मोजणारा माणूस, साठ-सत्तरात गोंधळला असेल. पण मॅडम स्वतःच म्हणाल्या, नाही, मी जे बोलले तेच त्यांनी लिहिलंय. मग काय राहिलं? रजिस्टरला शेरा मारावा लागला. पुढच्या सत्रापासून नववीचं मराठी दुसऱ्याला देतोय. मॅडमना प्रार्थना आणि हॉस्टेलच्या मुलींची देखरेख. त्यांनाही त्रास नको, आपल्यालाही नको."

सर वाईट माणूस नाहीत. वरून कुणी विचारलं तर उत्तर त्यांना द्यावं लागतं. मी मान डोलावली आणि मशीन आणायला गेलो.

मॅडम स्टाफरूमच्या कोपऱ्यात मशीनसमोर बसल्या होत्या. माझ्या पायांचा आवाज त्यांना ओळखू येतो.

"काढायला आलात ना, चुरीभाऊ?"

"सरांनी सांगितलंय मॅडम."

"काढा. पण आधी एक काम करा. ती तीन मुलं आहेत ना, त्यांचे खरे मार्क किती ते पेपर बघून मला सांगा."

"तुम्हाला माहीत नाहीत?"

"मला कुणी आकडे सांगितलेच नाहीत. फक्त चुका सांगितल्या."

मी ऑफिसातून पेपर आणले आणि वाचले. "पहिल्या मुलीला एकोणसाठ. दुसऱ्या मुलाला..." मी थांबलो. "एकोणसाठ. तिसरीलाही एकोणसाठ."

"आणि रजिस्टरात तिघांना एकोणसत्तर," त्या म्हणाल्या. "माणूस चुकला तर तीन वेळा एकाच जागी चुकत नाही. इअरफोन काढा आणि स्पीकर लावा."

मी स्पीकर लावला. त्यांनी रिकाम्या चौकटीत ५९ टाइप केलं. मशीन आधी एकेक अंक बोललं, पाच, नऊ. दोन्ही बरोबर. मग त्यांनी खालच्या चौकटीत जाऊन परत वरच्या चौकटीत येऊन पाहिलं. आता मशीनने पूर्ण आकडा वाचला. स्वच्छ, शांत आवाजात म्हणालं, "एकोणसत्तर."

त्यांनी ६९ टाइप केलं. मशीन म्हणालं, "एकोणसत्तर."

म्हणजे भरताना काहीच कळायचं नाही, कारण भरताना अंक सुटे ऐकू येतात. वाचून दाखवतानाच चुकायचं, आणि तेही फक्त या एका आकड्याला. वर्षभर एकोणसाठ मार्कांचं मूल आलं नसेल, किंवा आलं तरी कुणी बेरीज ताडून पाहिली नसेल.

"मला वाटलंच होतं," मॅडम म्हणाल्या, "यंदा एकोणसत्तरवाले जरा जास्तच झालेत."

मी सरांना बोलावून ऐकवलं. त्यांनी स्वतः टाइप करून दोनदा ऐकलं. मग म्हणाले, "ठीक. चूक मशीनची. पण मग तर हे काढायलाच पाहिजे. उद्या दुसरा आकडा चुकला तर?"

"दुरुस्त होईल सर."

"कधी?"

"बघावं लागेल."

"शनिवारी रजिस्टर पुन्हा लिहायचंय. तोवर झालं तर ठीक. नाही झालं तर मी ठरवलेलं कायम."

तो बुधवार होता.

आता थोडं आतलं सांगतो. स्क्रीन रीडर स्वतः बोलत नाही. स्क्रीनवर काय आहे ते तो ओळखतो आणि उच्चाराचं काम एका लायब्ररीला देतो. लायब्ररी म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमना वापरता यावा असा तयार कोडचा संच. रीडरला डोळे म्हणा, तर ही लायब्ररी त्याचा घसा. मी लायब्ररी बदलावी लागेल म्हटल्यावर भरतभाईंनी कुठलं कपाट रिकामं करू म्हणून विचारलं होतं.

ही लायब्ररी ओपन सोर्स आहे. म्हणजे तिचा मूळ कोड, ज्याला आम्ही सोर्स म्हणतो, इंटरनेटवर सगळ्यांसाठी उघडा ठेवलेला असतो. ज्या जागी तो ठेवतात तिला रिपॉझिटरी म्हणतात. तिथे आजचा कोड तर असतोच, पण पहिल्या दिवसापासून कुणी कुठली ओळ बदलली तेही असतं. कुणालाही तक्रार नोंदवता येते. मी मोबाईलवर ती तक्रारींची पानं काढली आणि मराठी शब्द शोधला. कुणीतरी अनोळखी माणसाने आधीच लिहून ठेवलं होतं, की मराठीत ५९ हे ६९ असं वाचलं जातं. दुसऱ्याने ते दुरुस्तही केलं होतं. फक्त ती दुरुस्ती असलेली नवी आवृत्ती अजून बाहेर आली नव्हती. आपण नेहमी लायब्ररी घेतो ती तयार पाकिटातून. पाकीट जुनंच होतं. दुरुस्ती हवी तर सोर्स उतरवून मशीनवरच कंपाइल करायचा, म्हणजे माणसाला वाचता येणाऱ्या कोडचं मशीनला चालवता येईल असं रूपांतर करायचं.

"तक्रार कुणी केली होती?" मॅडमनी विचारलं.

"नाव टोपण आहे. कळत नाही."

"तोही ऐकूनच काम करत असणार," त्या म्हणाल्या. "डोळ्याने वाचणाऱ्याला ही चूक सापडलीच नसती."

शाळेचं नेट फार हळू. मी मोबाईलचं नेट मशीनला जोडलं. रेंज फक्त स्टाफरूमच्या खिडकीत होती, म्हणून मोबाईल खिडकीच्या गजाला फडक्याने बांधला. पूर्ण रिपॉझिटरी उतरवायला लावली. अर्ध्यावर तुटली. परत लावली, परत तुटली. वर्षानुवर्षांचा इतिहास असतो तो, जड होणारच. मग मी फक्त सगळ्यात वरचा, आजचा थर मागवला. तो आला.

पुढचं काम सरळ असायला हवं होतं. पण कंपाइल सुरू केलं की मशीन म्हणायचं, अमुक एक साधन नाही. ते आणलं की म्हणायचं, त्याच्यासाठी तमुक पाहिजे. याला आमच्यात डिपेंडन्सी म्हणतात. पापड करायला बसावं आणि पोळपाट शेजारी गेलेला असावा, आणि शेजारी कुलूप असावं, तसलं काम. दुपार त्यातच गेली. शाळा सुटायच्या वेळेला कंपाइल पूर्ण झालं, लायब्ररी बसली. मॅडमनी ५९ टाइप केलं, खाली जाऊन वर आल्या.

"एकोणसाठ," मशीन म्हणालं.

मी समाधानाने वायरी गोळा करायला लागलो.  मॅडमनी एक परिपत्रक उघडलं आणि नेहमीच्या वेगाने लावलं. तो वेग असा, की मला पत्र्यावर वाटाणे ओतल्यासारखं ऐकू येतं. त्यांना त्यात शब्द न् शब्द कळतो. थोडं ऐकून त्यांनी थांबवलं.

"आकडा बरोबर आहे चुरीभाऊ. पण हे कोण बोलतंय?"

"तीच लायब्ररी मॅडम. नवीन व्हर्जन."

"आवाज बदललाय. तुम्हाला नाही कळणार. या वेगाला ह्याचे स आणि श एक होतात. सर आणि शर सारखंच ऐकू येतं. मला निम्म्या वेगाने ऐकावं लागेल."

"सवय होईल ना?"

"होईल. दोन-तीन महिन्यांत. शनिवारपर्यंत नाही होणार."

मला क्षणभर वाटलं, काम झालंय, आता निघावं. सरांनी आकडा दुरुस्त करायला सांगितलं होतं, तो झाला होता. पण शनिवारी मॅडम अडखळत वाचणार, सर घड्याळ बघणार, आणि मग दुरुस्ती झाली काय नि न झाली काय. मी वायरी परत सोडल्या.

"जुना आवाज आणि नवा आकडा, असं करता येईल का?" त्यांनी विचारलं.

करता येतं. रिपॉझिटरीचा उपयोग तोच. जुनी आवृत्ती तिथे जशीच्या तशी असते. ती घ्यायची, तिच्यात ही एक दुरुस्ती टाकायची आणि कंपाइल करायची. पण मी तर फक्त वरचा थर उतरवला होता. जुनं काहीच माझ्याकडे नव्हतं.

गुरुवारी मी शाळेत गेलो नाही. घरी डहाणूला नेट चांगलं आहे. पूर्ण रिपॉझिटरी उतरवली आणि मॅडमच्या मशीनवर होती ती आवृत्ती शोधली. मराठी आकड्यांची यादी एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये होती. मराठीत शंभरपर्यंतचा जवळजवळ प्रत्येक आकडा वेगळा बोलतात, म्हणून प्रत्येकाची वेगळी ओळ. एकोणसाठच्या ओळीपुढे एकोणसत्तरचा उच्चार लिहिलेला. कुणीतरी एक ओळ उचलून दुसरीकडे चिकटवली असणार आणि शेवटची अक्षरं बदलायची राहून गेली असणार. या यादीचं कंपाइल होऊन गेलं की बसवलेल्या लायब्ररीत ती अशी वाचता येत नाही. म्हणून एवढ्याशा चुकीसाठीसुद्धा सोर्सपर्यंत जावं लागतं.

नवी दुरुस्ती जुन्या आवृत्तीवर आपोआप बसेना. मधल्या काळात ती फाइल कुणीतरी वेगळ्या क्रमाने लावली होती. मी ती एक ओळ हाताने बदलली, सगळं पेनड्राइव्हवर घेतलं.

शुक्रवारी मॅडम माझ्या आधी येऊन बसल्या होत्या. साधनं आधीच आणलेली असल्यामुळे कंपाइल लवकर झालं. बुधवारची लायब्ररी काढली, ही बसवली. मॅडमनी टाइप केलं.

"एकोणसत्तर."

मॅडमनी मान माझ्याकडे वळवली. "आवाज माझा आहे. चूकपण माझीच आहे."

मी फाइल उघडून पाहिली. ओळ बरोबर होती. कंपाइल झालेल्या फोल्डरमधून थेट बोलायला लावलं तर एकोणसाठ म्हणत होतं. स्क्रीन रीडरमधून बोललं की एकोणसत्तर. थोडं डोकं खाजवल्यावर लक्षात आलं. पाकिटातली मूळ लायब्ररी एका फोल्डरमध्ये असते, आपण हाताने बसवलेली दुसऱ्या फोल्डरमध्ये जाते. बुधवारी मी रीडरला नव्या फोल्डरकडे वळवलं होतं, आणि आज बुधवारचं सगळं काढताना ती वळवणीसुद्धा काढून टाकली होती. रीडर सवयीने जुन्या घरी जाऊन हाक मारत होता, आणि जुन्या घरी जुनाच राहत होता.

मी वाट परत वळवली. सिस्टिमला सांगितलं, ही लायब्ररी अपडेटच्या वेळी बदलायची नाही. नाहीतर एखाद्या दिवशी अपडेट येऊन आमचं सगळं पुसून गेलं असतं.

"एकोणसाठ," मशीन जुन्या आवाजात म्हणालं.

"आता एक ते शंभर लावा," मॅडम म्हणाल्या.

"सगळे?"

"एक चुकलेला सापडला म्हणजे बाकीचे बरोबर, असं कुणी सांगितलं?"

लावले. मी तिशीच्या पुढे लक्ष देऊ शकलो नाही. त्यांनी सगळे ऐकले, मग उलटे, शंभर ते एक लावून ऐकले. बाकी बरोबर होते.

शनिवारी ऑफिसात सर, भरतभाई, मॅडम आणि मी. सरांनी तक्त्यात मुद्दाम मधल्याच कुठल्यातरी नावापासून सुरुवात करायला सांगितली. मॅडम ऐकत, सांगत. भरतभाई लिहीत. सर पेपरांचा गठ्ठा घेऊन एकेक ताडून बघत होते. पहिलं एकोणसाठ आलं तेव्हा भरतभाईंचा पेन थांबला. त्यांनी सरांकडे पाहिलं. सरांनी मान डोलावली. त्यांनी लिहिलं.

वर्गाची यादी संपली. भरतभाईंनी बेरीज केली, कॉम्प्युटरची बेरीज मॅडमनी सांगितली.

"बराबर," भरतभाई म्हणाले.

"ठीक आहे," सर म्हणाले. "नववीचं मराठी तुमच्याकडेच राहील मॅडम."

मला वाटलं झालं. मॅडम मात्र उठल्या नाहीत.

"सर, माझ्या नावाने शेरा आहे ना?"

"आहे. तो मी बघतो."

"आत्ता बघता का? चुरीभाऊ आहेत तोवर. काय बिघडलं होतं ते त्यांना नीट सांगता येईल."

सर थोडे अवघडले. मग त्यांनी जुना शेरा खोडला, सही केली, आणि मला विचारत विचारत खाली लिहिलं.

"वाचून दाखवा ना," मॅडम म्हणाल्या.

सरांनी वाचलं. "सदर फरक संगणकाच्या उच्चारातील दोषामुळे पडला होता. दोष दूर केला आहे. संबंधित शिक्षिका व लिपिक यांची चूक नाही."

लिपिक म्हटल्यावर भरतभाईंनी चष्मा काढून पुसला. त्यांना शेरा नव्हताच, पण चार दिवस ते स्टाफरूममध्ये चहाला आले नव्हते. त्यांनी शिपायाला चार कप सांगितले.

चहा झाल्यावर मॅडम म्हणाल्या, नववीच्या वर्गात जायचंय, चला सोबत. तीन मुलांना आधीच त्यांचे मार्क कळले होते, आणि ते आता दहाने उतरणार होते. सर म्हणाले होते नोटीस लावू. मॅडम म्हणाल्या, नोटीस कशाला, मीच सांगते.

मी दाराशी उभा राहिलो. त्यांनी तिघांना उभं केलं आणि काय झालं ते सांगितलं, मशीन, उच्चार, सगळं.  तिघांतली उंच मुलगी म्हणाली, "मॅडम, मशीन चुकलं तर आमचे मार्क का कमी केले? मी घरी सांगितलं पण."

"कमी नाही केले," मॅडम म्हणाल्या. "पेपर तू लिहिलास तेव्हापासून ते एकोणसाठच आहेत. घरी सांगायला जड जात असेल तर मी येते."

मुलीने थोडा विचार केला. "नको. मीच सांगते. पण पुढच्या वेळी मला खरेच एकोणसत्तर पडले तर?"

"तर मशीन एकोणसत्तरच म्हणेल. मी तपासलंय."

वर्ग हसला, ती मुलगीही हसून खाली बसली. मी निघालो.

माझं काम बिघडलेलं दुरुस्त करण्याचं. पंचवीसेक वर्षांत एवढं शिकलोय, की मशीन काढून टाका असा निरोप आला की लगेच स्क्रू ड्रायव्हर काढायचा नाही. ते मशीन जो रोज वापरतो त्याला आधी विचारायचं, नक्की काय झालं. निरोप पाठवणारा बहुतेक वेळा दुसराच असतो.